चिन्नोर शोधणारा माणूस नेमके काय टाइप करतो?

गूगलच्या शोधपट्टीत 'भंडारा' एवढा एकच शब्द टाकला, तर यंत्राला तुम्ही काय मागता आहात हे कळायला काहीच मार्ग नसतो. जेजुरीला उधळतात ती हळद म्हणजे भंडारा. सप्ताहाच्या शेवटी पंगती उठतात तोही भंडारा. देहूजवळचा, तुकोबांच्या चिंतनाशी जोडलेला डोंगर भंडारा, आणि अकोले तालुक्यातले भंडारदरा तर पहिली तीन अक्षरे टाइप होताच यादीत डोकावण्याच्या बेतात असते. वैनगंगेच्या काठचा, भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर अशा सात तालुक्यांचा जिल्हा या गर्दीतला एक. इथला तांदूळ, पितळेची भांडी किंवा कोशाची साडी बाहेरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची, तर जाहिरातीच्या खर्चाआधी हा गोंधळ निस्तरावा लागतो. डिजिटल मार्केटिंगच्या शिकवण्यांत मात्र याचा उल्लेख क्वचितच येतो. तिथे रोज पोस्ट टाका, रील बनवा, हॅशटॅग लावा, अमुक साधन वापरा असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे की वेबवरची सगळी उपयोगी साधने, फुकटची आणि विकतचीही, आधी ऐकण्यासाठी आहेत आणि मग बोलण्यासाठी. गिऱ्हाईक आपल्या वस्तूला कोणत्या नावाने हाक मारते, हे ज्याला कळले त्याचे निम्मे काम झाले. ज्याला ते कळले नाही, त्याचा जाहिरातीवरचा पैसा चुकीच्या दारावर टकटक करण्यात जातो.

चिन्नोरचेच घ्या. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही ते २०२१ मध्ये मिळाले. बालाघाट जिल्हा १८६७ साली घडवला गेला तेव्हा त्यात भंडाऱ्याचाही काही मुलूख गेला होता, त्यामुळे एकाच नावाचा तांदूळ राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना असावा यात नवल नाही. कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी नावे आहेत. शोधयंत्राला हा कायदा ठाऊक नाही, त्याला अक्षरे दिसतात. आणि ही अक्षरे किती प्रकारांनी येतात पाहा. देवनागरीत चिन्नोर, चिनोर, चिन्नौर. रोमन लिपीत कुठे एक एन, कुठे दोन, कुठे एक ओ, कुठे दोन. त्यात भर म्हणजे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी, चिन्नोर नावाचे एक गाव आहे आणि तिथे हौशी मंडळींनी जपलेली एक जुनी रेल्वेही चालते. रोमन लिपीत नुसते 'चिन्नोर' टाकणाऱ्यापुढे वाफेचे इंजिन उभे राहिले, तर त्यात यंत्राची चूक नाही. त्या शब्दावर तांदळाबद्दल पुरेसे, नीट, वाचता येईल असे कोणी लिहिलेलेच नाही.

हे नाव एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर धानाच्या सरकारी भावात आहे. हमीभावाच्या यादीत धानाला दोनच खाने आहेत, साधारण आणि 'अ' दर्जा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाला २,३८९ रुपये जाहीर झाले. या यादीत सुवासाला खाना नाही. ज्या धानाचा दाणा बारीक, उतारा कमी आणि कापणी उशिरा, ते खरेदी केंद्रावर नेले तर त्याचा वास फुकट जातो. चिन्नोर पिकवणाऱ्याला परवडायचे असेल तर त्याला असे गिऱ्हाईक हवे, ज्याला हे नाव माहीत आहे आणि जे नाव घेऊन मागते. ठोक बाजारात नाव पुसले जाते, किरकोळीत नावालाच किंमत असते. म्हणून नावाचे स्पेलिंग हा किरकोळ मुद्दा नाही. तो थेट भावाचा मुद्दा आहे.

आता ऐकण्याची साधने. सर्वांत सोपे साधन शोधपट्टीतच आहे. शब्द टाइप करायला लागताच खाली जी सुचवण्यांची यादी उघडते, ती बरीचशी इतर लोकांच्या खऱ्या शोधांवरून बनते. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, म्हणजे तुमच्या आधीच्या शोधांचा रंग कमी चढतो, आणि मग 'पितळेची भांडी' लिहून पुढे एकेक अक्षर देत जायचे. 'क' दिला की काय येते, 'स्व' दिला की काय येते, हे वहीत उतरवून घ्यायचे. भंडाऱ्यात पितळेचा धंदा इतका जुना, की गावाचे नावच 'भाणा' म्हणजे पितळी ताटावरून आले अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला त्या इतिहासाआधी वेगळेच काही विचारायचे असते. पितळेत आंबट शिजवले तर चालते का? कल्हई किती दिवस टिकते? कल्हईवाला मिळत नसेल तर काय करायचे? कळकले म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नांना दुकानदार रोज तोंडी उत्तरे देतो, पण ती लिहिलेली नसतात. 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' असली ओळ शंभर दुकाने लिहितात आणि ती कोणीच शोधत नाही. कल्हईबद्दल तीनशे शब्दांचे नीट उत्तर लिहिणारे दुकान शोधणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहते.

दुसरे साधन गूगल ट्रेंड्स. २००६ पासून ते फुकट उपलब्ध आहे, तरी त्याचे आकडे वाचण्यात हमखास गफलत होते. तिथला १०० हा आकडा शंभर शोधांचा नसतो. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा जोर जेव्हा सर्वाधिक होता, त्या क्षणाला १०० मानतात आणि बाकीचे त्याच्या तुलनेत मोजतात. शोध फार थोडे असतील तर शून्य दिसते, याचा अर्थ शोधणारे कोणीच नाही असा होत नाही. चिन्नोरसारख्या शब्दासाठी म्हणूनच ट्रेंड्सकडे प्रमाण विचारू नये, तुलना विचारावी. एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवता येतात, आणि नुसता शब्द घ्यायचा की 'विषय' घ्यायचा हेही निवडता येते. विषय घेतला की निरनिराळी स्पेलिंगे आणि भाषा एकत्र धरल्या जातात. 'कोसा' आणि 'टसर' हे दोन शब्द तिथे राज्यवार पाहण्यासारखे आहेत. रानातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्याचे हे एकच रेशीम. विदर्भ आणि छत्तीसगडात त्याला कोसा म्हणतात, बाकीच्या देशात टसर, इंग्रजीतही तेच. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या विणकराने आपल्या साडीवर फक्त 'कोसा' लिहिले, तर पुण्या-बंगळूरची बाई तिच्यापर्यंत पोचणार कशी? आणि फक्त 'टसर' लिहिले तर नागपूरची बाई पुढे निघून जाईल. दोन्ही शब्द पानावर हवेत, आणि तेही वाक्यात सहज आलेले. आमच्याकडे ज्याला कोसा म्हणतात तेच टसर, एवढे एक वाक्य पुरते. करवतीच्या दातांसारखे काठ असलेल्या विदर्भाच्या साडीची तऱ्हा तर आणखी अवघड. बोलताना करवत काठी, करवती, करवतकाठी. मानांकनाच्या नोंदीतली इंग्रजी अक्षरे मात्र 'करवथ काटी' अशी वाचली जातील अशी आहेत. सरकारी नाव एक, हाटातले नाव दुसरे, गिऱ्हाइकाचे टायपिंग तिसरे.

शब्दांचा हा फरक मराठीच्या आतही आहे, आणि मला वाटते मराठीत विक्री करणारे त्याकडे फार थोडे पाहतात. भंडारा-गोंदियात शेतात उभे असते ते धान, ताटात वाढतात तो भात. पुणे-कोकणात शेतातल्या पिकालाही भातच म्हणतात. इथे रोवणी होते, तिकडे लावणी. इथे पऱ्हे टाकतात, तिकडे रोपे. शेतीची अवजारे, खते, बियाणे विकणाऱ्या कंपनीने पुण्यात बसून मराठी जाहिरात लिहिली आणि 'भात लावणी' असे शब्द घातले, तर साकोलीच्या शेतकऱ्याला ते समजेल, पण तो स्वतः कधी ते शब्द टाइप करणार नाही. गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात मिळणारा कीवर्ड प्लॅनर इथे कामाला येतो. शब्द दिला की महिन्याला अंदाजे किती शोध होतात ते तो दाखवतो. जो जाहिरातीवर पैसे खर्च करत नाही त्याला नेमका आकडा न देता दहा ते शंभर, शंभर ते हजार अशा मोठ्या पट्ट्या देतो. तरी 'धान' आणि 'भात' यांपैकी कोणता शब्द आपल्या गिऱ्हाइकाचा, हे ठरवायला त्या पट्ट्याही पुरतात. प्रदेश मात्र महाराष्ट्र असा सरसकट न ठेवता, जमेल तितका लहान करून पाहावा.

पण या सगळ्यांपेक्षा खरे बोलणारे साधन आहे गूगलचे सर्च कन्सोल. बाकीची साधने लोक काय शोधत असतील त्याचा अंदाज देतात. सर्च कन्सोल तुमचे पान कोणत्या शोधांत प्रत्यक्ष दिसले ते सांगते. स्वतःची वेबसाइट असली, ती आपलीच आहे हे एकदा सिद्ध केले, की शोधलेले शब्द, ते शोधताना पान किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले आणि साधारण कितव्या जागी होते, हे चारही रकाने फुकट मिळतात. मागचे १६ महिने त्यात राहतात, म्हणजे गेल्या दिवाळीची या दिवाळीशी तुलना करता येते. फार विरळ शोध खासगीपणासाठी लपवले जातात, तेवढी त्रुटी धरून चालावे. समजा, लाखांदूरच्या एखाद्या शेतकरी गटाने चिन्नोरवर एक पान लिहिले आणि तीन महिन्यांनी रकाने उघडले. एखादा शब्द शेकडो वेळा दिसला पण पान कोणी उघडले नाही, असे असेल तर पानाचे शीर्षक त्या शब्दाला उत्तर देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शीर्षक बदलायचे. एखाद्या अनपेक्षित प्रश्नावर, म्हणजे हा तांदूळ भिजवायचा किती, खिरीला चालतो का, अशा शोधावर पान खाली कुठेतरी दिसत असेल, तर त्या प्रश्नाला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा. महिन्यातून एक तास पुरतो. त्या एका तासात जे कळते ते महागड्या साधनांच्या वर्गणीतूनही कळत नाही, कारण ती साधने जगाचा अंदाज विकतात आणि हे तुमच्या दारात येऊन गेलेल्यांची नोंद आहे.

या कामात मराठी व्यवसायांची एक जुनी अडचण आडवी येते आणि ती नीट पाहायला हवी. आपल्याकडचा बहुतेक मजकूर फ्लेक्स आणि हँडबिल छापणाऱ्याच्या संगणकात जन्मतो. तिथे अजूनही कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. डोळ्यांना 'भंडारा' दिसतो, पण फाइलच्या पोटात देवनागरी अक्षर एकही नसते. तिथे इंग्रजी अक्षरांची माळ असते: एच, के, ए, एम, के, जे, के. भ साठी एच आणि के, अनुस्वारासाठी ए, ड साठी एम, कान्यासाठी के. फॉन्ट त्या माळेवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. असा मजकूर वेबवर गेला तर शोधयंत्राला मुखवटा दिसत नाही, माळच दिसते, आणि ती माळ जगात कोणी शोधत नाही. म्हणून मग सोपा मार्ग म्हणून सगळा मजकूर चित्र करून टाकला जातो. भाव, पत्ता, फोन, तांदळाचे गुण, सगळे एका रंगीत चित्रात. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, दोन दिवसांत वाहून जाते. चित्रातली अक्षरे वाचणारी यंत्रे आता आहेत, पण पान कशाबद्दल आहे हे ठरवताना अजूनही मुख्य भार लिहिलेल्या मजकुरावर असतो. उपाय साधा आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड तेच करतो. चित्र हवे तर वापरावे, पण त्यातले प्रत्येक कामाचे वाक्य खाली अक्षरांत लिहावे. छापखान्यातला जुना मजकूर असेल तर कृतिदेवचे युनिकोड करून देणारी पाने वेबवर आहेत, तिथून तो बदलून घेता येतो. रफार आणि जोडाक्षरे तेवढी पुन्हा तपासावीत.

युनिकोडचा एक चटकाही सांगून ठेवतो. मजकुरात देवनागरी हवीच, पानाच्या पत्त्यात मात्र ती टाळावी. 'भंडारा' या शब्दात भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी सहा चिन्हे. वेबच्या साठवणीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, आणि पत्ता नक्कल करून चिकटवला की दर बाइटचे टक्केचिन्ह आणि दोन अक्षरे होतात. म्हणजे या सहा चिन्हांच्या शब्दाची चोपन्न अक्षरांची लांबलचक शेपटी. व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा आला की माणूस त्याला फसवणुकीचा समजतो, आणि आजच्या दिवसांत त्याचा संशय योग्यच आहे. पत्ता रोमन लिपीत, छोटा, वाचता येईल असा ठेवावा. पानाच्या वेगाचेही तसेच. फोनने काढलेला फोटो चार-पाच मेगाबाइटचा असतो. तो तसाच चढवला तर गावातल्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला की पानाचा मुख्य भाग दिसायला किती वेळ लागतो ते कळते. अडीच सेकंदांच्या आत दिसला तर ठीक, असा तिथला निकष आहे. बहुतेक वेळा दोष फोटोंचाच निघतो, आणि स्क्वूश नावाच्या फुकट साधनात तोच फोटो डोळ्याला फरक न कळता कितीतरी लहान करून मिळतो.

दुकान असेल तर नकाशावरची नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, पहिल्याच आठवड्यात करावी. तिथे नाव पाटीवर आहे तेच लिहायचे. 'स्वस्त पितळी भांडी भंडारा' असे शब्द नावात कोंबणे नियमात बसत नाही आणि त्यापायी नोंद थांबवली जाऊ शकते. पत्त्यात एक खास इथली मेख आहे. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरचे भंडारा रोड हे स्टेशन भंडारा शहरात नसून वरठीला आहे. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसते. स्टेशनवर उतरून दुकानापर्यंत यायचे कसे, हे दोन वाक्यांत लिहिणे एखाद्या सवलतीच्या जाहिरातीपेक्षा त्याच्या जास्त उपयोगाचे. अभिप्रायांबाबत एवढेच, की ते मागावेत, विकत घेऊ नयेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये वेगळे मानकच आणले आहे, आणि मानक नसते तरी खोटा अभिप्राय हा खोटेपणाच.

एक साधन मोजमापाचे. दुव्याच्या शेवटी यूटीएमची शेपटी जोडता येते. या आद्याक्षरांतला 'यू' अर्चिन नावाच्या कंपनीचा, जी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि जिच्यातून वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणारे गूगल अ‍ॅनालिटिक्स उभे राहिले. शेपटीत तीन गोष्टी लिहायच्या: माणूस कुठून आला, कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या मोहिमेतून. नागपूरच्या एखाद्या सोसायटीच्या गटाला एक दुवा, पुण्यातल्या भंडारेकरांच्या गटाला दुसरा, पोत्यावरच्या क्यूआर कोडला तिसरा. महिनाअखेर कळते की पोत्यावरून किती आले. यात एक बारीक दक्षता घ्यावी लागते. अ‍ॅनालिटिक्स रोमन लिपीतली लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरते. एकाने मोठ्या अक्षराने व्हॉट्सअ‍ॅप लिहिले, दुसऱ्याने लहानाने, की हिशेबाची दोन खाती होतात. सगळे लहान अक्षरांत लिहायचे हा नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकावा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड असा, की आज शोधतो कोण? लोक रील पाहतात आणि तिथूनच विकत घेतात. यात तथ्य आहे. धान चुरण्याचे, कोसा उकलण्याचे, पितळेवर हातोडी मारण्याचे तीस सेकंदांचे दृश्य जे करू शकते ते लिखित पान करू शकत नाही. पण दृश्य पाहिल्यावर पुढे काय होते? ज्याला घ्यायचे त्याला भाव, खात्री, पत्ता हवा असतो, आणि रील तोवर बोटाखालून निघून गेलेले असते. तो आठवणीतला शब्द शोधतो. त्या क्षणी त्याला इंग्लंडची रेल्वे भेटली किंवा त्याच नावाने साधा तांदूळ विकणारा कोणी भेटला, तर तुमच्या रीलने दुसऱ्याचे गिऱ्हाईक तयार केले असे होते. शिवाय यूट्यूबवरही लोक शब्द टाइप करूनच शोधतात. तिथल्या शीर्षकाला आणि वर्णनाला हेच सारे लागू पडते.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता माणसे प्रश्न थेट एआयला विचारतात. गूगलनेही ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधाच्या वरच आयते उत्तर दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे पान उघडायची गरजच कमी होते. हे नुकसान खरे आहे, आणि बातम्या किंवा सर्वसाधारण माहिती देणाऱ्या पानांना त्याचा फटका बसणार. पण ते उत्तर यंत्र आणते कुठून? लिहिलेल्या पानांतूनच. भंडाऱ्याच्या चिन्नोरबद्दल अस्सल, नेमके मराठीत कोणी लिहिलेच नसेल, तर यंत्र दुसऱ्या एखाद्या तांदळाचे गुण याला चिकटवून ठासून सांगेल. आणि तांदूळ शेवटी पोत्यातून यावा लागतो. उत्तर वाचून पोट भरत नाही, त्यामुळे विकणाऱ्याच्या दारापर्यंत माणूस यायचाच.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ही सगळी साधने परक्या कंपन्यांची, त्यांच्या मर्जीवर चालणारी. त्यांच्या भरवशावर धंदा कसा उभा करायचा? याला पुरावेही आहेत. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले. बिझनेस प्रोफाइलमधून फुकट मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या गेल्या. जगभरातल्या कित्येक लहान दुकानांची तेवढीच काय ती वेबसाइट होती. १ जुलै २०२३ ला जुन्या अ‍ॅनालिटिक्सने नोंदी घेणे थांबवले आणि सगळ्यांना नवे शिकावे लागले. म्हणून ऐकायला त्यांची साधने वापरावीत, घर मात्र आपल्या नावावर असावे. स्वतःचे डोमेन, जे वर्षाला साधारण हजार रुपयांच्या घरात मिळते, आणि गिऱ्हाइकांची स्वतःची यादी. यादी म्हणजे कुठून तरी मिळवलेले हजार नंबर नव्हेत. ज्यांनी एकदा घेतले आणि पुन्हा कळवा म्हटले त्यांची नावे, त्यांच्या संमतीने, एका साध्या तक्त्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला वजन दिले आहेच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ पासून आहे, त्यात वस्तूंची यादी फोटो-भावासह मांडता येते, ती जरूर मांडावी. पण उद्या नंबर बंद पडला तर गिऱ्हाइकांची यादी आपल्या वहीत असली पाहिजे.

आणि शेवटचा आक्षेप: शेतकऱ्याने हे सगळे करायचे केव्हा? खरे आहे, प्रत्येकाने करायचेच नाही. हे गटाचे, शेतकरी उत्पादक कंपनीचे, बचत गटाचे, नाहीतर गावातल्या एका शिकलेल्या मुलीचे किंवा मुलाचे काम आहे. एक पान पुरते, पण ते पान भरीव हवे. कोणत्या गावच्या बांध्यांतले धान, कोणत्या हंगामाचे, कापणी कधी झाली, पॉलिश किती, हातसडी मिळते का, एका किलोला पाणी किती, पाच किलोला कुरिअरसह पुण्यात घरपोच किती पडेल. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक. चिन्नोर, चिनोर अशी दोन्ही रूपे, रोमन लिपीतलीही, आणि बालाघाटच्या चिन्नोरशी याचे नाते काय याचे प्रामाणिक उत्तर, कारण गिऱ्हाईक ते विचारणारच. फोटो बाजारातून उचललेला नको. आपल्याच तांदळाचा, तळहातावर घेतलेला, म्हणजे दाण्याचा आकार कळतो.

हे पान लिहायची वेळ लोक साधारण चुकवतात. तांदूळ घरात आला की वेबसाइटची आठवण होते. चिन्नोर उशिरा येणारे वाण, पाऊस संपून थंडी पडल्यावर कापणीला येते, आणि सुवास साठवणीत हळूहळू उतरत जातो. म्हणजे विकायला महिने मोजकेच. उलट नवे पान शोधयंत्राच्या यादीत येऊन स्थिरावायला आठवडे, कधी महिने लागतात. पऱ्हे टाकले त्या दिवसांत पान लिहून झाले, रोवणीचा फोटो त्यावर चढला आणि सर्च कन्सोल जोडले गेले, तर बांधीत लोंबी भरेपर्यंत तिकडे रकाने भरू लागतात. कापणीच्या आधी ते उघडून पाहिले, लोक कोणत्या स्पेलिंगने येत आहेत, काय विचारत आहेत हे वाचले आणि शीर्षक तेवढे दुरुस्त केले, की पहिले पोते शिवले जाईल तेव्हा त्यावर कोणते नाव छापायचे याचा निकाल लागलेला असेल.